परवा म्हणजे कधी

माझा जन्म इथलाच, हैदराबादचा, सुलतान बाजाराच्या मागच्या गल्लीतला. आमचे वडील मूळचे नांदेडकडचे, पण आजोबांच्या वेळेपासून इथं सरकारी नोकरीत. त्या काळी फाईल म्हणत नव्हते, मिसल म्हणायचे, आमचे वडील शेवटपर्यंत मिसलच म्हणले. मग भाषेवरून राज्यं नवी झाली, तुम्ही शाळेत शिकला असाल, नांदेड तिकडं मुंबई राज्यात गेलं आणि हैदराबाद आंध्रात, तर वडिलांना ऑफिसात विचारलं म्हणे, तिकडं जाता का इथं राहता, आणि वडील म्हणले घर इथं, माणसं इथं, आता कुठं जाऊ, आणि राहिले. त्याच्या पुढच्या वर्षी मी झाले. आई म्हणायची, कुसुम वाटणीनंतरची. म्हणजे बघा, राज्याची वाटणी मी दोनदा बघितली, एकदा आईच्या तोंडून आणि एकदा स्वतःच्या हातानं, तेलंगणा वेगळं झालं तेव्हा, आणि त्या दुसऱ्या वाटणीतच माझ्या पोटाचं प्रकरण निघालं. तेच ऐकायला आलात ना? मग तो फोन इकडं जवळ ठेवा, पंख्याचा आवाज येतो त्यात.

आता आधी एक शब्द सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला कळणार नाही. आमच्या गावात परसों म्हणजे मागं कधीतरी. दोन दिवसांपूर्वीच असं काही नाही. गेल्या आठवड्यातलं परसों, गेल्या वर्षीचंही परसोंच. आणि रोज बाजारात, ऑफिसात, बसमध्ये ते ऐकून ऐकून आमच्या घरातल्या मराठीत परवाचंही तसंच झालं. आमच्यात परवाच लग्न झालं म्हणणाऱ्या बाईचा मुलगा कॉलेजात असतो. आम्हाला त्यात काही चूक वाटत नाही, समोरचा आपला अंदाजानं समजून घेतो. पण माझी सून पुण्याची, केतकी तिचं नाव, तिचं परवा म्हणजे कालच्या आदला दिवस, इकडं नाही तिकडं नाही. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या प्रत्येक परव्याला ती बोटं मोजायची आणि मला हसू यायचं.

हां, तर वडील. वडील नोकरीत असतानाच गेले. पोटाच्या दुखण्यानं. काय दुखणं होतं ते कुणाला कळलं नाही कारण त्यांनी कुणाला दाखवलंच नाही, रक्त पडायचं तर म्हणायचे मूळव्याध आहे, तिखट कमी करतो. तिखट कमी केलं आणि गेले. त्यांच्या जागेवर मला घेतलं, मी तेव्हा नुकती बारावी झालेली, आबिड्सजवळच्या त्याच ऑफिसात, त्याच रेकॉर्ड सेक्शनमध्ये, आणि काय सांगू तुम्हाला, पहिल्या दिवशी मला कपाटात एक बस्ता सापडला, लाल कापडात बांधलेल्या फाईली, आणि त्याची गाठ बघून मी ओळखली, ती वडिलांची गाठ होती. एक टोक ओढलं की अलगद सुटणारी. मला त्यांनी घरी शिकवली होती ती, माझ्या परकराच्या नाडीवर. मी त्या दिवशी तो बस्ता सोडला नाही, तसाच ठेवला. पुढं चाळीस वर्षांत मी किती बस्ते बांधले देव जाणे, सगळे त्याच गाठीनं.

लग्न होऊन मलकपेठेत आले. आमचे हे शाळेत गणित शिकवायचे, बोलायला कमी, पण तोंडी गुणाकार करायला सांगा, बघत राहाल. एकच मुलगा, तो पुण्याला नोकरीला गेला आणि तिथंच त्यानं केतकीला पसंत केलं. तिला आई नाही. सात वर्षांची असताना गेली तिची आई, काकूनं वाढवलं. लग्नात ती मला वाकून म्हणली, मी तुम्हाला आईच म्हणणार, अहो आई नाही, नुसतं आई. मी म्हणले म्हण बाई, त्याला काय अर्ज करावा लागतो का. मला तेव्हा ती गंमत वाटली होती.

मग आलं ते वर्ष. राज्याचे दोन तुकडे होणार म्हणल्यावर फाईलींचेही दोन तुकडे आले. आमच्या सेक्शनमध्ये तीन ढीग, हे इकडचे, हे तिकडचे, आणि हे दोघांचेही, ज्यांच्या नकला काढायच्या. माझ्या शेजारच्या टेबलावर सरोजिनी, तिकडं आंध्रातल्या राजमहेंद्रीकडची, बावीस वर्षं आमचा डबा एकत्र. तिनं फॉर्मवर तिकडं लिहिलं आणि मी इकडं. लोक बाहेर भांडायचे, आमच्या खोलीत दोघी धूळ खात बसायचो, ती म्हणायची कुसुमा, ही जमिनीची फाईल बघ, नवरा इकडचा बायको तिकडची, कुठं ठेवू? मी म्हणायचे मधे ठेव. हसायचो, आणि पुढची फाईल उचलायचो.

त्या उन्हाळ्यात ऑफिसात आरोग्याचा कॅम्प लागला. पन्नाशीच्या पुढच्यांनी सगळ्यांनी तपासून घ्या म्हणले. त्यात एक बारकी नळी दिली, आत काडी, आणि सकाळी परसाकडला जाल तेव्हा त्यातलं जरासं काडीला लावून आणा म्हणे. आता तुम्हीच सांगा, चाळीस वर्षं नोकरी केलेल्या बाईनं ते पर्समध्ये घालून बसमधून न्यायचं! सरोजिनीनं डब्याच्या पिशवीत आणलं, तर मी म्हणले आज तुझ्या पिशवीतलं मी काही खात नाही बाई. पंधरा दिवसांनी पाकिटं आली. तिच्यात काही नव्हतं. माझ्यात होतं. डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडलं, आतून कॅमेऱ्यानं तपासून घ्यावं, असं लिहिलं होतं, आणि खाली एक ओळ, उशीर करू नये.

डोळ्यांना न दिसणारं म्हणे. मला तर दिसत होतं की. संक्रांतीपासून अधूनमधून दिसत होतं. पण मलाही बाळंतपणापासून मूळव्याध होती, तेव्हा मी म्हणले त्याचंच आहे. हे वाक्य म्हणताना मला वडिलांचा आवाज ऐकू आला, खोटं कशाला सांगू, अगदी स्पष्ट ऐकू आला. म्हणूनच मी ते पाकीट कुणाला दाखवलं नाही. भीती वाटली हो मला. तोपर्यंत केतकीला दिवस गेले होते, तिचं बाळंतपण माझ्याकडं, मी पुण्याला जाणार, हे ठरलं होतं, आणि मी मनात म्हणले, आता कॅमेऱ्यात काही निघालं तर मला पलंगावर टाकतील, मग त्या पोरीचं कोण करणार? आधी फाईली होऊ दे, मग बाळंतपण होऊ दे, मग बघू. त्या काळात मी रोज घरी येऊन जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायचे, आणि ते पाकीट त्या दुपट्यांच्या बोचक्यात सगळ्यात खाली घातलं, वरून गाठ मारली.

पण माणसाच्या पोटात राहत नाही ना काही. जुलैत एकदा फोनवर बोलता बोलता निघून गेलं, परवा कॅम्पातला कागद आला, जरा रक्त निघालंय, मूळव्याधीचं असेल, एक तपासणी करा म्हणतात. केतकीला वाटलं आलाय दोन दिवसांपूर्वी. ती म्हणली आई, या आठवड्यात करून घ्या हं. मी म्हणले हौ. मग गणपतीत पुन्हा तिनं विचारलं, केली का हो तपासणी? आणि मी काय म्हणले असेन? मी म्हणले, हौ, परवा जाऊन आले दवाखान्यात, काही नाही निघालं, मूळव्याधच आहे म्हणले. आता मी गेलेच होते दवाखान्यात. डॉक्टर तसं म्हणलेही होते. पण त्याला दोन वर्षं झाली होती! म्हणजे शब्द खरा होता आमच्या गावाच्या हिशेबानं. पण मला माहीत होतं की ती पुण्याच्या हिशेबानं ऐकतीय. मी त्या परव्याच्या मागं लपले, साहेब. फोन ठेवला आणि मला स्वतःची लाज वाटली, आणि तरी मी परत फोन करून सांगितलं नाही.

दसरा झाल्यावर ती आली, सातवा महिना, डोहाळजेवण इथं करायचं म्हणून. हॉल वगैरे नाही, घरातच, सरोजिनी आली, तिनं बांगड्या आणल्या, फुलांची वेणी आणली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात डिंक तळायले होते आणि केतकी म्हणली आई, दुपटी बघू का? मी म्हणले बघ की, कपाटात बोचकं आहे. आणि मला आठवलंच नाही. खरंच नाही आठवलं. एक टोक ओढलं की सुटणारी गाठ, तिनं ओढली, सुटली. बराच वेळ आवाज नाही म्हणून मी गेले तर ती जमिनीवर बसलेली, मांडीवर सगळी दुपटी उलगडलेली, आणि हातात पाकीट.

ती म्हणली, आई, हा कागद मे महिन्यातला आहे. मी म्हणले हौ, परवाच नाही का आला तो. ती म्हणली, परवा म्हणजे कधी? मी दुपटी गोळा करायला लागले. ती म्हणली, आणि तुम्ही दवाखान्यात गेला होतात ते? मी म्हणले ते परवा. ती म्हणली, आई, मला तारीख सांगा. आणि माझ्या तोंडून तारीख निघेना. चाळीस वर्षं मी लोकांना कागदावरच्या तारखा काढून दिल्या, आणि स्वतःची एक तारीख सांगता येईना मला. शेवटी म्हणले, दोन वर्षं झाली असतील. तेव्हा ती रडली नाही. मला वाटलं रडेल. ती एवढंच म्हणली की माझी आई गेली तेव्हा मला सगळे म्हणायचे, बरी होईल, उद्या होईल, परवा होईल. आता तुम्हीही तेच करायला लागलात. मी म्हणले अगं, तुझं बाळंतपण होऊ दे म्हणून थांबले ना मी. त्यावर मात्र ती चिडली, काय चिडली, पोटावर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणली, बाळंतपण करायला बाई मिळते आई, पैसे देऊन मिळते. मला बाई नको आहे.

संध्याकाळी हे आले तर केतकीनं कागद त्यांच्यापुढं ठेवला. ह्यांनी चष्मा लावला, वाचलं, पुन्हा वाचलं, घडी घातली. मग म्हणले, तुला माझ्यापासून काही लपवता येतं, हे मला पस्तीस वर्षांत कळलं नव्हतं. बस, एवढंच. मला वाटलं रागावतील, तर उठून चहा करायला गेले. त्यांना चहा येत नाही. तो चहा मी प्याले, सगळा.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात रजा मागितली तर साहेब म्हणले, आत्ता? ढीग पडलेत आणि आत्ता रजा? मी काही बोलायच्या आत सरोजिनी उठली, म्हणली सर, तिचे बस्ते मी करते. तिचे स्वतःचे करून माझे. बाहेर येऊन मला हळूच म्हणली, एमैंदि, काय झालं, खरं सांग. सांगितल्यावर तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला, जोरात, आणि मग डोळे पुसले.

आता ती तपासणी. आधी पोट धुवून काढायचं असतं. आदल्या दिवशी नुसतं पातळ, आणि मग एक पावडर दोन लिटर पाण्यात कालवून ग्लास ग्लास प्यायची. चव काय सांगू तुम्हाला, मिठाच्या पाण्यात कुणी लिंबू बुडवून काढावं तशी. हे समोर बसले, कॅलेंडरच्या मागं रेघा मारत, एक ग्लास झाला, दुसरा झाला, अजून पाच राहिले, जणू मी त्यांच्या वर्गातली ढ मुलगी. आणि घरात संडास एकच! मी त्या पावडरीची, केतकी सात महिन्यांची, तिलाही सारखं जावं लागायचं, आम्ही दोघी दारात एकमेकींना तुम्ही आधी, नक्को तू आधी. एकदा तर दोघी एवढ्या हसलो की माझं कठीण झालं. तिचा राग त्या दारातच गेला असं मला वाटतं. नंतर कळलं, ह्यांनीही दिवसभर काही खाल्लं नव्हतं. विचारलं तर म्हणले, भूक नव्हती. खोटं. त्यांना पाच वाजता भूक लागतेच.

दवाखान्यात डॉक्टर आपल्या गावचे, जुन्या शहरातले, दाढी पांढरी. कागद बघितला आणि आमच्याच बोलीत विचारलं, अम्मा, खून पहली बार कब दिखा? मी सवयीनं म्हणले, परसों. केतकी शेजारी होती, ती दचकलीच. पण डॉक्टरांनी पेन खाली ठेवला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणले, कौनसा परसों अम्मा? जुम्मे वाला परसों या गये रमजान वाला परसों? आता ह्या माणसासमोर कुठं लपणार? मी म्हणले, गई संक्रांत वाला. दहा महिने झाले होते. केतकीलाही तेव्हाच कळलं ते, संक्रांतीचं मी तिलाही नव्हतं सांगितलं. मला वाटलं आता धरलेला माझा हात ही सोडणार. तिनं सोडला नाही. डॉक्टर म्हणले, मूळव्याध असेल, नाही कोण म्हणतो, पण एका पोटात दोन दुखणी राहू शकतात अम्मा, एकानं दुसऱ्याला जागा नाही असं थोडंच म्हणायचं असतं.

ते गाऊन घालायला दिलं, मागून उघडं, नाड्या पाठीवर. ह्यांना त्या बांधताच येईनात. मी म्हणले, अहो फाईलची गाठ मारा, मी शिकवलीय ना, ओढली की सुटणारी. तेव्हा बांधली. त्यांच्या बोटांचा गारपणा मला पाठीला कळला. मग सुई दिली आणि पुढचं काही आठवत नाही.

निघालं ते काय, तर देठावरची एक गाठ, बोराएवढी. त्याच वेळी काढली. ती तपासायला पाठवली आणि आठ दिवस थांबा म्हणले. ते आठ दिवस मी ऑफिसात गेले, फाईली केल्या, घरी डिंकाचे लाडू वळले, आणि रोज संध्याकाळी वडिलांच्या फोटोपुढं उभं राहायचे. मी त्यांच्यावर रागावले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा रागावले. म्हणले, तुम्ही दाखवलं असतं तर माझं लग्न बघितलं असतं तुम्ही.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी कागद आमच्याकडं फिरवला. गाठीच्या टोकाला बिघाड सुरू झाला होता. कॅन्सरच, अगदी सुरुवातीचा. पण देठापर्यंत उतरला नव्हता, आणि गाठ पूर्ण निघाली होती. आता आणखी काही करायचं नाही, फक्त वेळच्या वेळी येऊन दाखवायचं. आणि मग म्हणले, और छे महीने परसों परसों करते बैठते अम्मा, तो मैं आपसे ऐसी बातां नहीं करता बैठता. केतकी तिथं रडली. सगळं बरं आहे म्हणल्यावर रडली. डॉक्टरांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, माझ्याकडं मात्र नुसतं बघितलं.

डिसेंबरात मी पुण्याला गेले. मुलगी झाली. पहिली अंघोळ मी घातली, पायांवर घेऊन, आणि त्या दुपट्यात गुंडाळली ज्याच्याखाली पाकीट होतं, ते मी मुद्दाम वेगळं ठेवलं होतं. परत आले तोवर सरोजिनी तिकडं गेलेली. माझ्या टेबलावर माझे सगळे बस्ते बांधून ठेवले होते, आणि गाठ माझी. बावीस वर्षं बघून बघून शिकली होती, मला कधी बोलली नाही. अजून दर उन्हाळ्यात तिचं गोंगुराचं, म्हणजे आपल्या अंबाडीचं, बरणीभर लोणचं येतं, आणि फोनवर पहिला प्रश्न, कॅमेरा झाला का?

झाला. होतोच. पहिल्यांदा वर्षानं, मग तीन वर्षांनी, आता पाचांनी. तारखा केतकीनं तिच्या फोनमध्ये घातल्यात, आणि आमच्या ह्यांनी कॅलेंडरवर. मी आता कुणाला फोनवर परवा म्हणले की तिकडून लगेच आवाज येतो, तारीख.

आणि गेल्या दिवाळीत सगळे आले होते. नात दहा वर्षांची आहे, चौकस, तिनं ते मी परत आणलेलं दुपटं कपाटात बघितलं, त्याच्याखाली आज्जीच्या आजाराचा कागद होता एवढं तिनं ऐकलेलं, आणि आईला विचारलं, आज्जी आजारी कधी होती गं? केतकी करंज्या भरायली होती, वर न बघता म्हणली, परवा. पोरगी म्हणली, परवा? म्हणजे शनिवारी? मी हातातलं ठेवून केतकीकडं बघायला लागले. तीही थांबली, माझ्याकडं बघितलं, आणि मुलीला म्हणली, नाही गं राणी. आपल्या हैदराबादचं परवा.

आपल्या म्हणली. दहा वर्षं झाली, पण तिला ते अजून परवाच झालंय. सुखी राहो बाई माझी, अजून काय म्हणू. घ्या, हा लाडू घ्या, तिच्याचसाठी केलेत, आणि परत कधी येता ते सांगून जा. परवा नक्को, तारीख सांगा.